ॲडॅप्टिव्ह हेडलाइट घरी बसवू का?

प्रश्न बोरिवलीच्या एका गृहस्थांचा आहे. दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी रात्री ते गाडी घेऊन गुहागरकडच्या गावी जातात. गाडी नऊ वर्षांची सेडान, दिवे साधे एच-४ हॅलोजन, म्हणजे जवळच्या आणि लांबच्या उजेडाच्या दोन तारा एकाच बल्बमध्ये. चिपळूण सोडल्यावर वळणांवर पुढचं काही दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला परदेशात वळणाबरोबर फिरणारे ॲडॅप्टिव्ह हेडलाइट यायचे. तशी एक जुनी जोडी त्यांना कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दिसली आणि दुकानदार म्हणाला, "कपलर लावा आणि चालवा." म्युझिक सिस्टिम आणि रिव्हर्स कॅमेरा त्यांनी स्वतः घरी बसवलाय, हात चालतो. हेही रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये होईल का?

मी सत्तावीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय. माझं उत्तर: ती जोडी घेऊ नका. पण तुम्हाला अंधार दिसतोय हे खरं आहे, आणि त्यावर इलाजही आहे. त्यातला बराचसा तुम्ही स्वतः, त्याच पार्किंगमध्ये करू शकता. आधी नको का ते सांगतो, कारण "इल्लीगल आहे" एवढंच सांगून मला तुमची बोळवण करायची नाही.

'ॲडॅप्टिव्ह' या एका शब्दाखाली बाजारात चार-पाच वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. गाडी बंद केल्यावर थोडा वेळ दिवे चालू राहतात, ते ॲडॅप्टिव्ह नव्हे. समोरून गाडी आली की अप्परचा (लांबचा उजेड) आपोआप डिपर (जवळचा, खाली पडणारा) होतो, तो ऑटो हाय बीम. इंडिकेटर दिला किंवा स्टिअरिंग वळवलं की त्या बाजूचा फॉगलॅम्प लागतो, तो कॉर्नरिंग लॅम्प. खरं फिरणारं हेडलाइट म्हणजे आतला प्रोजेक्टर (बल्बपुढे गोल भिंग असलेला दिवा) छोट्या मोटरवर डावी-उजवीकडे वळतो, साधारण १५ अंशांपर्यंत. आणि त्याच्याही पुढचं मॅट्रिक्स. त्यात आरशामागचा कॅमेरा समोरची गाडी ओळखतो आणि तेवढ्या भागातल्या एलईडी विझवतो, बाकी अप्पर चालूच. ऑडीने ते २०१३ मध्ये ए-८ वर आणलं. अमेरिकेत तर या प्रकाराला नियमांत जागा मिळायला २०२२ उजाडलं. दिवा वळवायची कल्पना मात्र जुनी आहे. १९६७ च्या सित्रोएन डीएसमध्ये आतले दिवे स्टिअरिंगला जोडलेले असत आणि चाकांबरोबर वळत.

तुमच्या हाती लागणारी जोडी फिरणाऱ्या प्रोजेक्टरची आहे. तो प्रोजेक्टर किती वळायचं ते स्वतः ठरवत नाही. स्टिअरिंग किती अंश फिरलंय ते स्टिअरिंगखालचा सेन्सर सांगतो. गाडीचा वेग एबीएसकडून, म्हणजे ब्रेक मारताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेकडून येतो. मागे सामान भरल्यावर गाडीचं नाक किती वर आलं, ते एक्सलजवळ बारीक दांडीने जोडलेला हाइट सेन्सर सांगतो. ही सगळी माहिती कॅन वायरिंगवरून (गाडीतले मॉड्यूल एकमेकांशी बोलतात ती वायर) एका कंट्रोल मॉड्यूलकडे जाते आणि ते मोटरला हुकूम देतं. शेवटी स्कॅनर लावून गाडीच्या मुख्य मॉड्यूलला सांगावं लागतं की आता तुझ्याकडे हे दिवे आहेत, आणि सपाट जमिनीवर गाडी उभी करून शून्य कुठे ते शिकवावं लागतं. दुकानदार तुम्हाला यातलं फक्त शेवटचं टोक विकतोय, म्हणजे दिवा. तुमच्या गाडीत ईएसपी (घसरताना गाडी सावरणारी यंत्रणा) नसेल, तर बहुधा स्टिअरिंगचा सेन्सरच नाही. मागच्या एक्सलवर हाइट सेन्सरचा ब्रॅकेट नाही. वायरिंगमध्ये त्या पिना रिकाम्या आहेत.

मग नुसता दिवा जोडला तर काय होईल? बऱ्याच गाड्यांत माहिती मिळाली नाही की दिवा फॉल्टवर जातो आणि मुद्दाम खाली झुकून थांबतो. समोरच्याला त्रास होऊ नये म्हणून बनवणाऱ्यांनीच केलेली सोय ती. म्हणजे खर्च करून उजेड तुमच्या बंपरपुढे दहा-पंधरा पावलांवर पडणार. काही जण मग मोटरची वायर काढतात, प्रोजेक्टर हाताने सरळ करून अडकवून ठेवतात. तसं केलं की तो ना ॲडॅप्टिव्ह राहतो, ना लेव्हल बघतो. झेनॉन (वायूचा, जास्त उजेडाचा बल्ब) असेल तर ३५ वॅटचा बल्ब साधारण ३,२०० लुमेन (उजेडाचं माप) फेकतो, तुमचा एच-४ डिपरला साधारण १,०००. २,००० लुमेनच्या वरच्या दिव्याला ऑटो लेव्हलिंग (वजनाप्रमाणे दिवा आपोआप वर-खाली होणं) आणि काच धुणारा वॉशर हवाच, असं युरोपचे नियम सांगतात ते याचसाठी. मागच्या सीटवर तिघं बसले आणि नाक वर आलं, तर एवढा उजेड थेट समोरच्या एसटी ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो.

याहून मोठी अडचण मात्र दुकानात कोणी बोलत नाही. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. म्हणून आपल्या दिव्याचा कटऑफ, म्हणजे उजेड आणि अंधार यांच्यामधली रेघ, उजवीकडे सपाट खाली असते आणि डावीकडे वर चढते. उजवीकडे समोरून गाडी येते, तिथे उजेड कमी. डावीकडे साइडपट्टी, पायी चालणारी माणसं, मैलाचे दगड, तिथे जास्त. युरोपातल्या बहुतेक देशांत, अमेरिकेत, चीनमध्ये गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून त्यांचा कटऑफ बरोब्बर उलटा असतो. तो दिवा आपल्या रस्त्यावर लावला की समोरच्याच्या डोळ्यांत उजेड चढतो आणि तुमच्या डाव्या हाताच्या माणसावर अंधार पडतो. दुकानातच हे ओळखता येतं. काचेवर गोलातलं इंग्रजी 'ई' आणि त्याजवळचा बाण शोधा. दिव्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर आडवा बाण तुमच्या उजवीकडे असेल तर तो दिवा डाव्या बाजूच्या वाहतुकीचा, म्हणजे आपला. दोन टोकांचा बाण असेल तर दोन्हीकडे चालणारा. बाणच नसेल तर तो उजव्या बाजूच्या देशांचा.

ही चूक मी स्वतः केली आहे. २००९ च्या सुमाराची गोष्ट. एका गिऱ्हाइकाच्या नातेवाइकाने परदेशातून हेडलाइटची नवीकोरी जोडी पाठवली होती. मी ती दोन तासांत बसवली, कपलर अगदी टक्क बसले, भिंतीवर उजेड लख्ख पांढरा. गिऱ्हाईक खूष, मीही खूष. रात्री त्यांना गल्लीच्या टोकाला पाठवलं आणि सांगितलं, माझ्याकडे या. मी समोरून उभा. गाडी चाळीस पावलांवर आली तेव्हा मला दोन पांढरे गोळे सोडून काही दिसेना. गाडी थांबली, दिवे बंद झाले, तेव्हा कळलं की तिच्या डाव्या बाजूला दुधाचे कॅन लावलेला एक सायकलवाला चालला होता. मला तो दिसला नव्हता, आणि गाडी चालवणाऱ्या गिऱ्हाइकालाही दिसला नव्हता. दुसऱ्या दिवशी दिवे उतरवले आणि पैसे परत केले. तेव्हापासून कुठलाही दिवा बसवला की मी आधी समोर जाऊन उभा राहतो.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. केंद्रीय नियम १०६ सांगतो की दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला उजेडाने दिपायला नको. दीड मीटर म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची, इतकं ते साधं आहे. अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेयर पहिल्यांदा हेच बदल बघतो. तुमच्याच मॉडेलच्या भारतात विकल्या गेलेल्या वरच्या व्हेरियंटला फिरणारे दिवे असतील तर गोष्ट वेगळी. मग कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा, पार्ट नंबरसकट. त्यांनी सेन्सर, मॉड्यूल, वायरिंग आणि कोडिंग धरून लेखी दिलं तरच पुढे जा.

आता तुमच्या अंधाराकडे येतो. नऊ वर्षांच्या गाडीत हॅलोजन कमी पडतोय असं वाटतं, तेव्हा माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांत तीन गोष्टी निघतात: काच पिवळी, बल्बला व्होल्टेज कमी, आणि फोकस हललेला.

व्होल्टेजपासून सुरुवात करा, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी जोरात पडतो. एच-४ चं मोजमाप १३.२ व्होल्टला धरतात. बल्बपाशी १२.४ च पोचले तर उजेड साधारण पाचव्या हिश्श्याने कमी. ११.८ वर आले तर जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. मोजायला साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू, डिपर चालू, सैल बाह्या आणि हात पंख्यापासून लांब. मीटर डीसी व्होल्टवर. लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं टोक बल्बच्या होल्डरमागून डिपरच्या वायरच्या पिनेला टेकवा. बल्ब जळतानाच मोजायचं, होल्डर काढून नाही, कारण करंट वाहत नसेल तर मीटर सगळं ठीक दाखवतो. जो आकडा येईल तेवढं व्होल्टेज तुमच्या वायरिंगने वाटेत खाल्लं. मग तसंच अर्थच्या, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जातो त्या बाजूला: एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं होल्डरच्या अर्थ पिनेला. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. दीड-दोन व्होल्ट आलं तर तुमचा अंधार तिथेच सापडला.

मुंबईत अर्थच्या बाजूला खूपदा जातं. खाऱ्या हवेने हेडलाइटमागच्या अर्थच्या बोल्टखाली हिरवट-पांढरं पीठ धरलेलं असतं. बॅटरीचा मायनस काढा, तो बोल्ट सोडवा, पाणकागदाने पत्रा चकचकीत करा, पुन्हा आवळा आणि वरून थोडं ग्रीस. एवढ्यानेच एक व्होल्ट परत आलेला मी पाहिलाय. होल्डर करपून तपकिरी झाला असेल तर सिरॅमिकचा घाला. त्यानंतरही प्लसच्या बाजूला व्होल्टेज पडत असेल तर रिलेचं (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) तयार हार्नेस, म्हणजे वायरींचा संच लावा, ज्यात मूळ वायर कापावी लागत नाही. बॅटरीपासून जाड वायर, अडीच स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर), बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज, डिपर-अप्परला वेगळे रिले. जुना होल्डर मग फक्त रिलेला इशारा देतो, बल्बचं ओझं त्याच्यावर येत नाही. गाडीला बल्ब-फेलचा इंडिकेटर असेल तर मात्र आधी गॅरेजमध्ये दाखवा. मॉड्यूल बल्बचा करंट मोजत असेल तर मध्ये रिले आल्यावर ते गोंधळतं.

बल्ब नवा घ्यायचा तर चांगल्या कंपनीचा ६०/५५ वॅटचाच, जोडीने, आणि काचेला बोट न लावता. बोटाचं तेल गरम काचेवर बसलं की बल्ब लवकर जातो. १००/९० वॅटचा नको, होल्डर आणि रिफ्लेक्टर दोन्ही भाजतात. एलईडीचा बल्ब त्याच एच-४ मध्ये घालायचा मोहही टाळा. एच-४ मध्ये डिपरच्या तारेखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते. ती खालच्या अर्ध्या रिफ्लेक्टरवर उजेड पडू देत नाही, म्हणूनच भिंतीवर रेघ उमटते. तार आणि वाटी यांच्या जागेवर अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी रेघ फिसकटते, आणि स्वस्त एलईडीत तो फरक असतोच.

पांढरा उजेड जास्त दिसतो हे भिंतीवर खरं असतं, कोकणातल्या पावसात नाही. ओला डांबरी रस्ता आरशासारखा होतो. तुमचा उजेड तुमच्याकडे परत न येता पुढे घसरतो आणि समोरच्या गाडीच्या काचेवर जातो. त्यामुळे तुम्हाला रस्ता काळा दिसतो आणि समोरच्याला चमक. त्यात बल्ब वाढवून फारसं काही मिळत नाही. पट्टे दिसायला वायपरचं रबर नवं आणि पुढची काच आतून-बाहेरून तेलकट थर नसलेली लागते. आतला थर कोणी पुसत नाही. एकदा पुसून बघा.

काचेचं काम सोपं आहे पण घाई केली तर वाया जातं. हेडलाइटची काच म्हणजे पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक, वरचा यूव्ही थर उन्हाने गेला की पिवळी पडते. रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांची लवकर पडते. आजूबाजूच्या रंगावर मास्किंग टेप, मग पाणकागद भिजवून ८००, १५००, २००० असा क्रमाने. प्रत्येक नंबरला पाण्याने धुऊन आधीच्याचे ओरखडे गेले का ते वाकून बघायचं. शेवटी पॉलिश कंपाउंड आणि त्यावर यूव्ही क्लिअर कोट. हा कोट टाळला तर काही महिन्यांत पिवळेपणा पुन्हा येतो. नुसत्या टूथपेस्टने घासलं तरी तसंच. आतला रिफ्लेक्टरच काळवंडला असेल तर बाहेरून घासून उपयोग नाही, मग कंपनीचंच नवं युनिट घ्या. जुनं युनिट भट्टीत घालून उघडणारे भेटतील, पण एकदा फोडलेल्या सीलमधून जूनच्या पहिल्या पावसात पाणी शिरतं.

आणि सगळ्यात शेवटी फोकस. कितीही खर्च करा, फोकस चुकला तर बाकी सगळं फुकट. पार्किंगमध्ये सपाट जमीन आणि सरळ भिंत शोधा. टायरची हवा बरोबर, टाकी निम्मी, ड्रायव्हर सीटवर बसलेला, डॅशबोर्डवरचा लेव्हलचा नॉब ० वर. गाडी भिंतीला चिकटवून दोन्ही दिव्यांच्या मध्याची खूण खडूने भिंतीवर करा, मग गाडी सरळ मागे घेऊन दिव्यापासून भिंत ५ मीटर ठेवा. बॉनेटखाली किंवा दिव्यावरच्या स्टिकरवर १ टक्का, १.२ टक्के असा आकडा असतो. १ टक्क्याला ५ मीटरवर रेघ खुणेच्या ५ सेंटिमीटर खाली हवी, १.२ ला ६ सेंटिमीटर. एक दिवा टॉवेलने झाकून दुसरा बघा, पण एक-दोन मिनिटांतच काढा, काच तापते. रेघ जिथून डावीकडे चढायला लागते तो कोपरा त्या दिव्याच्या मध्याच्या खुणेसमोर यायला हवा. दिव्यामागे दोन स्क्रू असतात, एक वर-खाली, एक डावी-उजवी. पाव-पाव आटा फिरवा आणि प्रत्येक वेळी भिंत बघा.

माझा अंदाज असा की तुमचा डावा दिवा खाली आणि आत वळलेला निघेल. बंपरला कधी ना कधी धक्का लागलेला असतो, आणि गुहागरच्या रस्त्यावर डाव्या वळणांवरच तुम्हाला जास्त अंधार वाटत असेल तर ही शक्यता आणखी वाढते. साध्या दिव्याला वळणात दिसतं ते त्या डावीकडे चढणाऱ्या रेघेमुळेच. ती जागेवर आली की डावं वळण बरंच उघडतं. उजव्या वळणावर उजेड कमी पडणारच, तिथे वेग कमी करणं हाच मार्ग, कारण तिथून समोरची गाडी येते.

हे झालं की घरातल्या कोणालातरी गाडीत बसवा आणि तुम्ही स्वतः समोर आठ मीटरवर, दिव्याच्या किंचित उजवीकडे (गाडीत बसलेल्याच्या उजवीकडे) उभे राहा. डोळे मिटावेसे वाटले तर पुन्हा भिंतीकडे. वाटलं नाही तर गावी निघायला हरकत नाही. गणपतीला डिकी भरून आणि मागे तिघं बसवून निघाल तेव्हा लेव्हलचा नॉब २ किंवा ३ वर घ्या, गाडीच्या पुस्तकात किती वजनाला कितवा आकडा ते दिलेलं असतं. गावी सामान उतरवून एकटे परत येताना तो पुन्हा ० वर आणा, नाहीतर येतानाच्या रस्त्यावर तुम्हाला पुन्हा अंधार वाटेल.